पोलाद पेणचे, फुटबॉल बंगळुरूचे

मँचेस्टर युनायटेडच्या युवक संघात घडलेल्या ॲश्ली वेस्टवूड या इंग्रज बचावपटूला तेथील मुख्य संघात स्थान मिळाले नाही. १९९५ साली तो क्रू अलेक्झांड्राकडे गेला आणि पुढे ब्रॅडफर्ड, शेफील्ड वेन्सडे, नॉर्दम्प्टन असे संघ बदलत राहिला. कीर्ती बेताची, परंतु चरितार्थ फुटबॉलवरच चालला. खालच्या श्रेणीतील खेळाडूलाही तेथे करार आणि वेतन असते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. २०१३ मध्ये तो बंगळुरू एफसीचा पहिला प्रशिक्षक झाला आणि पहिल्याच मोसमात त्या संघाने आय-लीग जिंकली.

हा संघ ज्या जेएसडब्ल्यू समूहाचा, त्याचा अवाढव्य पोलाद कारखाना पेण तालुक्यात डोलवीला आहे. रोहा तालुक्यात नागोठण्याला रिलायन्सचा पेट्रोरसायन प्रकल्प आहे. २०१४ ची इंडियन सुपर लीगही त्याच समूहाच्या पुढाकाराची. धूर येथे आणि खेळ अन्यत्र, असा हा व्यवहार! जेएसडब्ल्यूची क्रीडासंस्थाही उभी राहिली ती कर्नाटकात, विजयनगरला.

येथील मुलांच्या अंगी चपळाई नाही, असे कोणी म्हणू नये. रायगडची कबड्डी साक्षीला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी नफ्यातील २ टक्के सामाजिक कार्यावर खर्चावयाचे असतात आणि ग्रामीण व ऑलिम्पिक खेळांचे प्रशिक्षण त्यात बसते. पेण व रोह्यासाठी त्यातून एकेक मैदान आणि कायम पगारी प्रशिक्षक मागणे ही याचना नव्हे. दोन्ही नगरपरिषदांनी आणि मुख्याध्यापकांनी ही मागणी येत्या शालेय वर्षापूर्वी लेखी नोंदवावी.