वाद्यांचा बाजार आणि बंद दारे

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, अनाहाइम या शहरी, वाद्ये बनविणाऱ्यांचे व विकणाऱ्यांचे एक अवाढव्य वार्षिक प्रदर्शन भरते. ते भरविणारी संघटना ‘नॅम’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. (अलिप्त राष्ट्रांच्या चळवळीशी तिचे नामसाधर्म्यापलीकडे नाते नाही!) 1901 साली पियानोच्या दुकानदारांनी ही संघटना स्थापन केली. 2020 सालच्या प्रदर्शनास एक लाखाहून अधिक माणसे आली होती. परंतु तिकीट काढून आत जाण्याची मुभा सर्वसामान्य माणसाला तेथे नाही. व्यवसायाशी नाते दाखवील त्याच्याच छातीवर प्रवेशाचा बिल्ला लागतो. गिटार घडविणारा कामगार मालकाने बिल्ला दिला तर आत जाणार, आणि पदरचे पैसे मोडून ती गिटार विकत घेणारा तर दाराबाहेरच. अनाहाइमला लागूनच फुलर्टन हे गाव आहे. 1946 साली फेंडर कंपनीचा जन्म तेथे झाला. ज्या गावकऱ्यांच्या हातांनी ती मोठी केली, त्यांनाही हाच नियम.

याचे समर्थन व्यापारी असे करतात की, हा सौदा करण्याचा बाजार आहे, जत्रा नव्हे. हौशी मंडळींनी एकाच वेळी शंभर गिटारी छेडल्या तर मागणीपत्रे कोण लिहिणार? ही अडचण खरी आहे. पण गर्दी आणि गोंगाट यांवर वेळा वाटून देण्याचा सोपा उपाय आहे. याच संघटनेच्या नॅशव्हिल येथील उन्हाळी प्रदर्शनात काही वर्षे एक दिवस लोकांसाठी राखून ठेवला जात असे, व त्याने कोणाचे दिवाळे निघाले नाही. तेव्हा दार बंद ठेवण्यामागे केवळ कानांची काळजी आहे, असे मानावयास आम्ही तयार नाही.

बंद दारामागे काय चालते, याची थोडी कल्पना 2009 साली आली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगाने त्या वर्षी नॅमवर आरोप ठेवला. 2005 ते 2007 या काळात संघटनेने आपल्या बैठकांतून परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या दुकानदारांना व उत्पादकांना किमतींविषयी विचारविनिमय करू दिला. नव्हे, तसे उत्तेजनच दिले, असा तो आरोप होता. जाहिरातीत अमुक रकमेखाली भाव छापावयाचा नाही, हे बंधन कसे पाळवून घ्यावे आणि किरकोळ किमती चढत्या कशा राहतील, हे चर्चेचे विषय. संघटनेने दोष कबूल न करता, यापुढे असे करणार नाही, या अटीवर तडजोड केली. मुक्त व्यापाराचे आद्य आचार्य ॲडम स्मिथ यांनी 1776 साली व्यापाऱ्यांच्या मेळाव्यांविषयी नेमकी हीच शंका बोलून दाखविली होती. त्यांचे भक्त तेवढे पान वगळून वाचतात.

पुढे ग्राहकांनी दावे लावले. ते 2015 साली अपील न्यायालयातही टिकले नाहीत. व्यापारी एका संघटनेच्या बैठकांना हजर राहिले, एवढ्यावरून त्यांच्यात बेकायदा करार झाला असे म्हणता येत नाही, असा न्यायालयाचा अभिप्राय पडला. कायद्याच्या दृष्टीने तो योग्यही असेल. परंतु करार सिद्ध करण्याचा भार ग्राहकावर, आणि तो झाला की नाही हे पाहण्याची मात्र त्याला मनाई, ही व्यवस्था कोणाच्या सोयीची आहे हे सांगावयास नको.

किमती धरून ठेवण्याचा रोग काल्पनिक नाही. ऑनलाइन विक्रेत्यांना सूट देऊ न दिल्याबद्दल ब्रिटनच्या स्पर्धा-प्राधिकरणाने 2019 साली कॅसिओला 37 लाख पौंड आणि 2020 साली फेंडरला 45 लाख व रोलंडला 40 लाख पौंड दंड केला. जर्मनीने 2021 साली यामाहा, रोलंड, फेंडर आणि दोन बड्या विक्रेत्यांना मिळून सुमारे 2 कोटी 10 लाख युरो दंड ठोठावला. ही कृत्ये प्रदर्शनाच्या मंडपात झाली असे आमचे म्हणणे नाही. धंद्याची प्रकृती काय आहे ते यावरून कळते. आपल्या लग्नाच्या वरातीत आणि गणेशोत्सवात बँजो पार्टीचा पोरगा ज्या ऑक्टोपॅडवर किंवा कीबोर्डवर पोट भरतो, ती वाद्ये बहुधा याच कंपन्यांची असतात.

फ्रांकफुर्टचे उदाहरण आमच्याविरुद्ध दिले जाते. तेथील ‘मुझिकमेसे’ 1980 पासून भरत असे. पूर्वी लोकांना त्यात शनिवारचा दिवस मिळे. 2016 साली सर्व दिवस खुले झाले. 2020 साली महामारीमुळे प्रदर्शन रद्द झाले आणि पुढे आयोजकांनी ते गुंडाळले. यावरून ‘जनता शिरली आणि प्रदर्शन बुडाले’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे शुद्ध कांगावा होय. महागडा मंडप घेण्याऐवजी कंपन्यांना आपला माल इंटरनेटवर दाखविणे स्वस्त पडू लागले, हे कारण कोणी का सांगत नाही? सौद्याचे आणि लोकांचे दिवस एकत्र कालविले ही तेथील चूक असेलही. ती टाळता येण्यासारखी आहे.

सौद्याचे दोन दिवस व्यापाऱ्यांनी खुशाल घ्यावेत. उरलेल्या दिवशी वादक, शाळेतले संगीतशिक्षक आणि कारखान्यातले कामगार यांना माफक तिकिटावर प्रवेश मिळावा, प्रत्येक वाद्यावर किंमत व ते कोठे बनले ते लिहिलेले असावे, आणि किमतींविषयीच्या ज्या सभा व्यासपीठावरून होतात त्यांत ग्राहकसंस्थांच्या प्रतिनिधींना बसण्याची जागा असावी. यातील शेवटच्या मागणीला सर्वांत जास्त विरोध होईल, असा आमचा अंदाज आहे.