जत्रा उठल्यावर डायनोसॉर कुठे जातात?

1963 च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या हडसन नदीतून एक अजब वरात निघाली. तराफ्यावर डायनोसॉर उभे होते आणि त्यांना बघायला काठावर माणसांची ही गर्दी. सत्तर फूट लांबीचा ब्रॉन्टोसॉरस, वीस फूट उंचीचा टी-रेक्स, त्यांच्या जोडीला आणखी सात जण. सगळे फायबरग्लासचे, शिल्पकार लुई पॉल जोनास यांच्या कार्यशाळेत घडलेले. निघाले होते न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनाला. त्यांचं तिथलं काम मात्र पेट्रोल खपवण्याचं होतं. सिंक्लेअर या तेल कंपनीने 1930 च्या सुमारास ब्रॉन्टोसॉरसला आपलं बोधचिन्ह केलं होतं आणि ही मंडळी त्याचीच भावंडं.

जाहिरातीचं काम म्हणून कोणी अंग चोरलं नव्हतं. टी-रेक्सचा पहिला सांगाडा शोधून काढणारे बार्नम ब्राउन आणि येल विद्यापीठाचे जॉन ऑस्ट्रम यांच्यासारख्या जीवाश्मतज्ज्ञांचा सल्ला घेऊन हे प्राणी घडवले होते. 1964 आणि 1965 असे दोन हंगाम प्रदर्शन चाललं. मंडपात एक यंत्र होतं. नाणं टाकलं की दोन साचे एकमेकांवर येऊन मिटत आणि थोड्या वेळाने मेणासारखा गुळगुळीत छोटा डायनोसॉर बाहेर पडे. तो हातात घेतला की अजून गरम लागे. मुलं तो घरी नेत. कंपनीचं नाव आणि मुलाचं कुतूहल एकाच खिशातून घरी पोचे.

मग प्रदर्शन संपलं. अशा वेळी एवढ्या मोठ्या वस्तूंचं काय करायचं, हा प्रश्न गंभीर असतो. लोखंड वितळतं, लाकूड चुलीत जातं. फायबरग्लास एकदा घट्ट झालं की वितळवून पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे भंगारवालाही हात आखडता घेतो. ठेवायला जागा लागते आणि उन्हापावसात रंग उडतो, भेगा पडतात. बहुतेक पुतळे या टप्प्यावरच संपतात.

सिंक्लेअरने वेगळा मार्ग धरला. आधी हे डायनोसॉर ट्रकांवर चढवून गावोगाव फिरवले आणि मग ते एकेका सार्वजनिक संस्थेला देऊन टाकले. ब्रॉन्टोसॉरस आणि टी-रेक्स टेक्सासमध्ये ग्लेन रोझ इथल्या उद्यानात गेले. तिथल्या नदीच्या पात्रात डायनोसॉरच्या पावलांचे खरे ठसे आहेत. स्टेगोसॉरस युटामधल्या जीवाश्मांच्या खाणीपाशी गेला, ट्रॅकोडॉन शिकागोजवळच्या प्राणिसंग्रहालयात, कोरिथोसॉरस कॅन्ससमधल्या एका गावच्या बागेत. नवांपैकी सर्वांत छोटा ऑर्निथोलेस्टीस मात्र हरवला. आठांना घर मिळालं, हे थोडंथोडकं नव्हे.

यात आणखी एक गंमत आहे. ज्या ऑस्ट्रम यांनी या पुतळ्यांसाठी सल्ला दिला, त्यांनीच 1964 मध्ये डायनोनिकस या चपळ डायनोसॉरचे अवशेष शोधले. 1969 मध्ये त्यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि सुस्त, जड डायनोसॉरचं जुनं चित्र मोडीत निघालं. ताठ उभा राहिलेला, शेपटी जमिनीला टेकवणारा तो टी-रेक्स आज शास्त्राच्या दृष्टीने चुकीचा आहे. तरी तो दुरुस्त करू नये, पाडू तर मुळीच नये. साठ वर्षांपूर्वी माणसाला काय माहीत होतं, हे तो पुस्तकापेक्षा चांगलं सांगतो. शेजारी नीट माहितीफलक असला की पुरे.

हॉलिवूडच्या ‘जॉज’मधल्या शार्कचं नशीब असं सरळ नव्हतं. 1975 च्या त्या चित्रपटाच्या साच्यातून काढलेला एक पंचवीस फुटी शार्क युनिव्हर्सलच्या पार्कात टांगलेला होता. लोक त्याच्यापाशी फोटो काढत. पुढे तो लॉस एंजेलिसच्या सन व्हॅलीतल्या भंगाराच्या आवारात पोचला आणि तिथे जवळपास पाव शतक राहिला. त्या आवाराच्या मालकाने तो मोडला नाही, म्हणूनच 2016 मध्ये तो ऑस्कर अकादमीच्या संग्रहालयाला देता आला. म्हणजे एवढा मोठा ठेवा वाचला तो एका भंगारवाल्याच्या सद्बुद्धीवर. दरवेळी असं नशीब कुठून येणार?

आपल्याकडे 1982 च्या आशियाई खेळांच्या अप्पू हत्तीला असंच दुसरं आयुष्य मिळालं. दिल्लीच्या प्रगती मैदानावर 1984 मध्ये त्याच्या नावाचं अप्पू घर उघडलं आणि 2008 मध्ये बंद झालं. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या सहली गोराईच्या एस्सेल वर्ल्डला गेल्या. 1989 मध्ये सुरू झालेलं ते पार्कही आता बंद आहे. पार्क बंद होतं तेव्हा जमिनीचा हिशेब होतो, पाळण्यांचा होतो. मुलांनी ज्यांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढले, त्या पुतळ्यांची यादीसुद्धा होत नाही.

ही क्षुल्लक गोष्ट आहे असं म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात जाऊन यावं. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, वज्र्या गोळा केल्या, त्या काळी ते कोणाला मोलाचं वाटलं असेल? बोधचिन्हांचे पुतळे हे गेल्या शतकातलं तसंच रोजच्या जगण्यातलं सामान आहे. ते कंपनीच्या पैशातून उभे राहतात, पण वर्षानुवर्षं लोकांच्या आठवणीत राहिल्यावर त्यांच्यावर लोकांचाही थोडा हक्क तयार होतो.

म्हणून पार्क किंवा प्रदर्शन गुंडाळताना पुतळे मोडीत काढण्याआधी मालकांनी जिल्ह्याच्या संग्रहालयाला आणि नगरपालिकेच्या बागखात्याला एक पत्र लिहावं. देताना कोणी घडवला, कधी, कशासाठी, याचा कागद सोबत द्यावा आणि पहिल्या काही वर्षांच्या रंगरंगोटीचा खर्चही उचलावा. आणि वाचकहो, अशा एखाद्या पुतळ्याशेजारी उभं राहून काढलेला फोटो तुमच्या कपाटात असेल, तर त्याच्या मागे ठिकाण आणि साल आजच लिहून ठेवा.