धक्क्याची वाट कोण सांगणार?

मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली त्यास १ मे १९६० पासून सहा दशकांहून अधिक काळ लोटला. ही राजधानी गिरगावच्या रहिवाशाची जितकी, तितकीच एटापल्लीच्या रहिवाशाचीही आहे, हे विदर्भातील आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. मुंबईस मात्र ते अद्याप कोणी सांगितलेले दिसत नाही.

एटापल्लीच्या एखाद्या तरुणास उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात काम लागले, अशी कल्पना करा. आलापल्लीवरून एस.टी.ने तो बल्लारशास येतो आणि तेथून रेल्वेने मुंबईस उतरतो. हजार किलोमीटरांहून अधिक मजल त्याने मारलेली असते, आणि एवढ्या वाटेत तो कोठे चुकत नाही. एस.टी.च्या कपाळावर गावाचे नाव असते. फलाटावर गाडीचा पुकारा होतो. त्याची फरफट सुरू होते ती शेवटच्या मैलात. उरण समोरच्या किनाऱ्यावर आहे, मध्ये पाणी आहे, पण लाँच कोठून सुटते? ज्याला विचारावे तो ‘गेटवे’कडे बोट दाखवितो, कारण होडी म्हटली की मुंबईकराला गेटवेच आठवतो. तेथे गेल्यावर कळते की येथून घारापुरीस जाता येते, मांडव्यास जाता येते. उरणच्या मोरा बंदराची लाँच सुटते ती भाऊच्या धक्क्यावरून. रेवसची लाँचही तेथूनच. शिवाय २०२० पासून मोटारींसकट माणसे मांडव्यास नेणारी रो-रो बोट सुरू झाली, तीही भाऊच्या धक्क्याहूनच, परंतु निराळ्या टर्मिनलवरून! म्हणजे अलिबागला जाणाऱ्यास तीन वाटा, आणि त्यांतली कोणती आपली हे ज्याचे त्याने ओळखावयाचे. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्यास जाणाऱ्या लाँच बंद असतात, हेही त्याने घरून शिकूनच यावे!

बरे, धक्क्याचे नाव तरी एक असावे! लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य या गृहस्थांनी, लोक ज्यांना भाऊ म्हणत त्यांनी, १८४० च्या सुमारास उतारूंसाठी धक्का बांधला. तेव्हापासून लोकांच्या तोंडी भाऊंचे नाव आहे. नकाशावर व कागदोपत्री मात्र तो ‘फेरी वार्फ’. मराठी वाचता येणाऱ्या परगावच्या माणसाने हे दोन्ही एकच, हे कोणत्या विद्येने ताडावे? छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून हार्बरची गाडी धरली की मशीद, सॅंडहर्स्ट रोड आणि तिसरे डॉकयार्ड रोड. तेथे उतरून सुमारे मैलभर चालले की धक्का. सांगावयाचे ते एवढेच. पण सांगणार कोण? स्थानक रेल्वेचे, रस्ता महापालिकेचा, धक्का मुंबई बंदर प्राधिकरणाचा आणि पलीकडचे मोरा, रेवस व मांडवा महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत. चार धन्यांची गाय उपाशी राहावी तसे या पाटीचे झाले आहे. आमच्या वैनगंगेच्या वा प्राणहितेच्या काठी घाट शोधावा लागत नाही. गावची पायवाटच घाटावर जाऊन संपते. मुंबईत ती गोदामांच्या भिंतींशी जाऊन थबकते.

धक्का सापडला म्हणजे सुटलो, असेही नाही. मोरा बंदरात गाळ साचलेला असतो आणि ओहोटीला लाँच जेटीस लागणे कठीण होते. म्हणून येथले खरे वेळापत्रक समुद्राचे. कोकणातले जुने लोक ते तोंडी मांडीत: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीस सहा वाजता भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेस वा अमावास्येस भरती अकरा-बाराच्या दरम्यान, म्हणून ओहोटी संध्याकाळी पाच-सहाला. आणि ती उधाणाची ओहोटी, पाणी सर्वांत खाली उतरणारी. दिवसभर राबून माणूस परत फिरतो तो नेमक्या याच वेळी. हे गणित कोळ्याच्या पोरालाही ठाऊक असते. एटापल्लीच्या तरुणास ते ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि नसले म्हणून तो अडाणी ठरत नाही.

कोणी म्हणेल, १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला, त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही गेली. मग लाँचचे एवढे कौतुक कशाला? सेतूवर दुचाकीस मज्जाव आहे, आणि लोकलने जावयाचे तर खाडीला वळसा घालून मध्ये गाडी बदलावी लागते. लाँच सरळ जाते. गरिबाने ती सोडलेली नाही.

या पाण्यावर माणसे बुडाली आहेत, हेही विसरता येत नाही. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट याच भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ सहाशेहून अधिक जीव घेऊन बुडाली. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान बोट आदळली, तीतही दहाहून अधिक माणसे गेली. या दोन्ही दुर्घटना पाट्यांच्या अभावी घडल्या, असे म्हणण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. परंतु नवख्या, गोंधळलेल्या, शेवटच्या लाँचसाठी धावत सुटलेल्या उतारूस जीवरक्षक जाकीट कोठे आहे हे विचारण्याइतकी उसंत मिळत नाही. ज्याला वाट शांतपणे सापडली आहे, तोच बोटीत जास्त माणसे भरली आहेत हे पाहू शकतो आणि मागे राहू शकतो.

आमची मागणी कोट्यवधींची नाही. डॉकयार्ड रोड स्थानकाच्या दाराशी ठळक देवनागरीत ‘भाऊचा धक्का (फेरी वार्फ)’ अशी पाटी लावावी आणि तेथून धक्क्यापर्यंत प्रत्येक वळणावर बाण रंगवावा. गेटवेवर ‘मोरा व रेवसची लाँच येथून सुटत नाही’ हे स्पष्ट लिहावे. धक्क्यावर शाळेतल्यासारखा एक काळा फळा टांगावा आणि रोज सकाळी पहिली लाँच सुटण्यापूर्वी कोणीतरी खडूने त्यावर त्या दिवशीची भरती, ओहोटी आणि शेवटच्या लाँचची वेळ मांडावी. फळा कोणाच्या खात्यातून घ्यावयाचा, हे चारही धन्यांनी एका बैठकीत ठरवून टाकावे, आणि ती बैठक या पावसाळ्याच्या आत व्हावी.