विमानाचे दोन तास, शरीराचे नऊ तास

पुणे ते दिल्ली हवाई अंतर सुमारे ११५० किलोमीटर. विमानाला लागणारा वेळ दोन-सव्वादोन तास. हा आकडा ऐकला की घरातली तरुण मंडळी म्हणतात, "आजींना काय त्रास होणार? बसल्या की उतरल्याच!" मला हा हिशेब मान्य नाही. विमान लोहगावहून सुटते, पण आजी पाटणहून निघालेल्या असतात.

मल्हारपेठ-उंब्रजमार्गे पुणे सुमारे १८० किलोमीटर. लोहगावला पोचेपर्यंत मोटारीत चार तास जातात. विमानतळावर दोन तास आधी हजर राहावे लागते. त्यानंतर विमान, शेवटी दिल्लीतला तासाभराचा रस्ता. बेरीज नऊ तासांच्या वर जाते, आणि यातला बहुतेक वेळ पाय लोंबकळत ठेवून बसण्यात जातो.

पायातले रक्त हृदयाकडे परत चढते ते मुख्यतः पोटरीचे स्नायू पिळले जातात म्हणून. तासन् तास बसून राहिले की हा पंप बंद पडतो, पाय सुजतात आणि क्वचित खोल रक्तवाहिनीत गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालानुसार चार तासांहून अधिक बसून प्रवास केला की हा धोका सुमारे दुप्पट होतो. मग वाहन विमान असो, रेल्वे असो, बस असो वा मोटार. निरोगी माणसात तो एकंदरीत कमीच, साधारण सहा हजारांत एकाला. पण नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, पूर्वी गुठळी झालेले, कर्करोगाचे रुग्ण, गरोदर वा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया आणि अति स्थूल व्यक्ती यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नये. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ॲस्पिरिनही घेऊ नये.

दुसरी गोष्ट हवेची. विमानाच्या आतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या इतका असतो. आपले महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आतबाहेर. ज्यांना चार पायऱ्या चढून धाप लागते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

उपाय साधे आहेत. वाटेत दर दोन तासांनी गाडी थांबवून पाच मिनिटे चालावे. बसल्या जागी घोटे वर-खाली करावेत. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी तोडण्याची सवय आपल्याकडच्या बायकांत फार आहे, ती सोडावी. गोळ्या आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवावे, सामानात देऊ नये. विमान उतरताना झोपू नये, आवंढा गिळत राहावे; तान्ह्याला पाजावे. चाकांच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी, त्यात कमीपणा नाही.

प्रवासानंतर काही आठवड्यांत एकच पोटरी सुजली, दुखू लागली तर तेल चोळत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. एकाएकी धाप लागली वा छातीत दुखले तर तडक रुग्णालय गाठावे.

आणि जमत असेल तर वृद्धांना आदल्या दिवशीच पुण्यात नातेवाइकांकडे मुक्कामाला न्यावे. एक दिवस जास्त मोडेल, पण मोडू द्या. तिकिटावरचा वेळ विमानाचा असतो. माणसाचा वेळ घराच्या उंबऱ्यापासून मोजावा.