फौज आणि तांडा

मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याची शेते रात्री उजळून निघत होती. ‘छावा’ चित्रपट नुकताच झळकला होता, त्यात बुऱ्हाणपूरवरचा मराठ्यांचा छापा दाखवला होता आणि मोगलांच्या खजिन्यातली नाणी इथल्याच मातीत पुरलेली आहेत, अशी आवई उठली. मग काय, कुदळी, घमेली, चाळण्या आणि मोबाइलच्या बॅटऱ्या घेऊन माणसे शेतात उतरली. काहींनी धातुशोधक यंत्रेही आणली. प्रशासनाने हटकले तेव्हा कुठे गर्दी पांगली. या लोकांची टर उडवण्यात अर्थ नाही. असीरगडाखाली शतकानुशतके छावण्या पडत आल्या, जुनी नाणी सापडणे अशक्य नाही. प्रश्न निराळा आहे. एवढ्या लढाया पाहिलेल्या बुऱ्हाणपूरची आठवण काढली की आपल्याला आधी सोने आठवते, मग मुमताज महल आठवते, आणि तिथेच आपली आठवण संपते.

मुमताज इथे कशी आली, हेही फारसे कोणी विचारत नाही. मोगल सरदार खानजहान लोदी बंड करून अहमदनगरच्या निजामशहाला मिळाला. त्याचा आणि निजामशाहीचा एकदमच बंदोबस्त करण्यासाठी शहाजहान दक्षिणेच्या मोहिमेवर निघाला आणि १६३० मध्ये बुऱ्हाणपुरात तळ देऊन बसला. बादशहाबरोबर जनाना, जनान्याबरोबर गर्भारपण. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात, युद्धाच्या छावणीतच, मुमताज गेली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत सहा महिने तिचा देह होता, डिसेंबरात तो आग्र्याला नेला. पर्यटकाला ही कथा आजही रंगवून सांगितली जाते.

त्याच वर्षी, त्याच तापीकाठी, माणसे भुकेने मरत होती. १६३० चा पाऊस गेला होता. गुजरात, खानदेश आणि दक्षिण होरपळून निघाली. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्या हिवाळ्यात सुरतेहून आग्र्याला निघाला. त्याची वाट आजच्या नंदुरबारवरून, खानदेशातून बुऱ्हाणपूरला येणारी. नंदुरबारला तंबू ठोकायला प्रेतांविना जागा मिळेना, असे तो लिहून ठेवतो. बादशहाच्या पदरी असलेला इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी तर मंडीहून पुढे जातो. भाकरीच्या मोबदल्यात जीव विकायला काढला तरी घेणारा नव्हता, मेलेल्यांची हाडे दळून पिठात मिसळली जात होती, अशा अर्थाचे त्याने लिहिले आहे. धन्याची बदनामी करण्याचे त्याला काही कारण नव्हते.

पाऊस पडला नाही हे खरे, पण माळव्यात धान्य होते. ते वाहून नेणारेही होते. त्या काळी मोठ्या प्रमाणावर धान्य हलवायचे तर वंजाऱ्यांचा तांडा हाच एक मार्ग. मंडीला पुढे वाटेत भेटलेल्या एका तांड्यात चौदा हजार बैल होते, यावरून या वाहतुकीची ताकद कळावी. बायकापोरांसकट चालणारे, बैलांच्या पाठीवर गोण्या लादलेले हे तांडे गुजरात-खानदेशच्या उपाशी मुलखाकडे वळू शकले असते. पण बुऱ्हाणपुरात बादशहाची फौज बसली होती. घोडे, हत्ती, स्वार, बाजारबुणगे आणि त्यांचे नोकर, या साऱ्यांचा दाणागोटा आधी. तांड्यांची तोंडे छावणीकडे वळली. ज्याच्या हाती तलवार आणि रोख रक्कम, त्याच्याकडे गोणी गेली. दुष्काळ आभाळातून आला असेल, पण माणसे मेली त्याला छावणीचाही हातभार लागला, असे आमचे मत आहे.

बादशहाने काहीच केले नाही, असेही नाही. बुऱ्हाणपुरात लंगर उघडले. दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटले. वीस सोमवारांत एक लाख झाले. महसुलातही मोठी सूट दिली. लाहोरीने हे सारे अभिमानाने नोंदवले आहे आणि त्यानेच ताजमहालाचा खर्च पन्नास लाख सांगितला आहे. मोहीम मात्र थांबली नाही. अन्नछत्र आणि तोफखाना एकाच छावणीत शेजारी शेजारी चालू होते. आजच्या जगाला हे चित्र अनोळखी वाटू नये.

पुढचे पान मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचे आहे, म्हणून ते जरा सांभाळून उलटायला हवे. १६८१ च्या जानेवारीत राज्याभिषेक होताच छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने सरसेनापती हंबीरराव मोहित्यांसह बुऱ्हाणपुरावर झडप घातली. मोगलांच्या दख्खनच्या दाराशी मारलेली ही धडक होती, आणि स्वराज्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्या तीन दिवसांचे शहराकडून दिसणारे रूपही इतिहासात आहे. मोगल इतिहासकार खाफीखान सांगतो की शहरातल्या मौलवींनी आणि प्रतिष्ठितांनी औरंगजेबाला कळवले: आमचे रक्षण होत नसेल तर जुम्म्याच्या नमाजात तुमच्या नावाचा खुतबा आम्ही वाचणार नाही. दिल्लीपतीला त्याच्याच प्रजेने दिलेली ही नोटीसच म्हणायची. मराठ्यांचा पराक्रम आणि पेठेतल्या माणसाची दहशत, दोन्ही एकाच घटनेची सत्ये आहेत. पडद्यावर त्यातले एकच मावते, तो पडद्याचा दोष नव्हे; आपण तेवढ्यावरच थांबतो हा आपला.

फौजेने रयतेला ओरबाडण्यावरचे उत्तरही याच मराठी परंपरेत आहे. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना पत्र लिहिले. जमवलेला दाणा आणि वैरण बेगुमानपणे उडवाल, मग उणे पडले की कुणब्याच्या घरचा दाणा, गवत, भाजी ओरबाडाल, आणि मग रयतेला मोगल बरे वाटू लागतील, अशी तंबी त्यात आहे. आपल्याकडे या पत्राची पारायणे होतात, पण ते प्रामुख्याने महाराजांच्या दयाळूपणाचा पुरावा म्हणून. आम्हाला ते हिशेबाचे पत्र वाटते. सैन्याचे पोट आणि रयतेचे पोट एकाच कणगीवर चालते, हे ओळखलेला राजा त्यात बोलतो.

ते न ओळखल्याची किंमत मराठ्यांनीच मोजली. १७६० चा उन्हाळा तोंडावर असताना सदाशिवरावभाऊंची फौज बुऱ्हाणपूरमार्गेच नर्मदेकडे गेली, बरोबर हजारो यात्रेकरू, बायका, व्यापारी. त्याच वर्षी उदगीरच्या विजयानंतर निजामाकडून असीरगड आणि बुऱ्हाणपूर पदरात पडले होते, म्हणून उत्साह दांडगा. पानिपतावर अब्दालीने पहिल्याने तोडली ती रसद. मराठ्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि राहिलेली आशा संपली. १४ जानेवारी १७६१ ला मराठे लढायला बाहेर पडले ते उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, या निश्चयाने. पानिपतची चर्चा आपण अडीचशे वर्षे तोफा, गोलाची रचना आणि होळकरांच्या माघारीवर करतो. गव्हाच्या गोणीवर कोणी बोलत नाही. त्यानंतर १८०३ मध्ये इंग्रजांचा कर्नल स्टीव्हनसन बुऱ्हाणपुरात आणि पाठोपाठ असीरगडात शिरला, तेव्हाही शिंदे, होळकर आणि इंग्रज यांच्या फौजांखाली तुडवलेल्या खानदेशात दुष्काळ आलाच.

हे जुने झाले, म्हणून सोडून देता येत नाही. २२ ऑगस्ट २०२५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा सहभाग असलेल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ जाहीर केला. पाच लाखांहून अधिक माणसे उपासमारीच्या टोकाला होती. तिथे पावसाने दगा दिला नव्हता. धान्याचे ट्रक सीमेवर उभे होते. सुदानात एल-फाशर शहर दीड वर्ष वेढ्यात राहिले, लोक गुरांची पेंड खाऊन दिवस काढत होते, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ते पडले तेव्हा कत्तल झाली. उपासमारीचा शस्त्र म्हणून वापर निषिद्ध ठरवणारा सुरक्षा परिषदेचा २४१७ क्रमांकाचा ठराव २०१८ पासून कागदावर आहे. कागद चांगला आहे. तो मोडणाऱ्याला शासन करायची वेळ आली की परिषदेतल्या कायम सदस्यांना नकाराधिकार आठवतो.

तरीही शांततेची आशा भाबडी म्हणून झटकून टाकणाऱ्यांत आम्ही नाही. ज्या बुऱ्हाणपूरला फौजांनी इतके तुडवले, तेच शहर १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेतून निघालेल्या विणकर कुटुंबांचे आश्रयस्थान झाले. मालेगाव-भिवंडीसारखी इथलीही मागांची खडखड त्या निर्वासितांच्या हातांनी वाढली. १६१५ च्या सुमारास खोदलेली कुंडी भंडारा ही जमिनीखालची पाणीयोजना सातपुड्याचे पाणी आजही देते.

आणि धान्याची वाट युद्धातही उघडता येते, याचे दाखले आपल्याच काळात आहेत. रशिया आणि युक्रेन एकमेकांचा जीव घेत असताना जुलै २०२२ मध्ये तुर्कस्तान व संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने काळ्या समुद्रातून धान्याची जहाजे निघाली. वर्षभरात सव्वातीन कोटी टनांच्या आसपास माल बाहेर पडला. वर्षाने रशियाने करार मोडला, पण वर्षभर तो चालला. आपल्याकडचा दाखला त्याहून बोलका. अफगाणिस्तानातल्या उपाशी लोकांसाठी भारताने पन्नास हजार टन गहू देऊ केला. २२ फेब्रुवारी २०२२ ला पहिली खेप अटारीच्या सीमाठाण्यातून निघाली आणि पाकिस्तानच्या भूमीवरून अफगाणिस्तानात गेली. या वाटेने सुमारे चाळीस हजार टन गहू पोचला. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर अटारी बंद झाली. तरी मे महिन्यात, भारत-पाकिस्तान लढाई थांबून आठवडाही झाला नसताना, अडकून पडलेल्या दीडशेहून अधिक अफगाण ट्रकांना भारताने आत घेतले. दहशतवादाशी तडजोड न करता हे झाले, हे इथे मुद्दाम नमूद करतो, कारण शांततेचे नाव काढताच देशप्रेम मोजायला बसणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही.

ही सवलत दर वेळी मर्जीवर का सोडायची? भारत आणि पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ रोजी करार केला की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलनंतर दिली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर पाच आठवड्यांनी दिली. याच धर्तीवर अन्न आणि औषधे नेणाऱ्या वाटांचा लेखी करार व्हावा: अटारीसारखी ठाणी, बंदरे, धान्याची कोठारे आणि पाण्याच्या योजना यांची यादी, त्यांच्यावर हल्ला नाही, आणि मदतीचे ट्रक कोणत्याही परिस्थितीत अडवायचे नाहीत. या प्रस्तावाला कोणाच्या सार्वभौमत्वाची आडकाठी नाही; अणुकेंद्रांच्या यादीलाही आली नव्हती. पहिले पाऊल दिल्लीने टाकावे. परराष्ट्र मंत्रालयाने मसुदा तयार करावा आणि येत्या १ जानेवारीला अणुकेंद्रांच्या यादीबरोबर तो इस्लामाबादला द्यावा.