पायी चालणाऱ्याचा रस्ता

वाशीम जिल्ह्यातून आज दोन दीर्घ मार्ग जातात. पहिला मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग. त्याची लांबी ७०१ किलोमीटर. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी अखेरचा टप्पा वाहतुकीस मिळाला. जिल्ह्यातील कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून तो जातो. दुसरा मार्ग शेगावहून पंढरपूरला निघणाऱ्या श्री गजानन महाराजांच्या पालखीचा. अकोला, पातूर ओलांडून ही पालखी मेडशीपाशी वाशीम जिल्ह्यात येते आणि मालेगाव, शिरपूर जैन, रिसोड असा प्रवास करून हिंगोली जिल्ह्यात उतरते. योगायोग असा की, याही मार्गाची लांबी सातशे किलोमीटरांच्या घरातली आहे. पहिले अंतर मोटार आठ-दहा तासांत कापते. दुसऱ्यासाठी वारकऱ्याला महिनाभर पावले टाकावी लागतात.

समृद्धी महामार्गावर पायी जाणाऱ्यास मज्जाव आहे आणि वेगाचा विचार करता तो रास्तच आहे. प्रश्न आहे तो दुसऱ्या मार्गाचा. जेथे पायी चालणे हाच प्रवासाचा हेतू आहे, तेथेही पायी चालणाऱ्यासाठी स्वतंत्र जागा असू नये, हे कोणत्या हिशेबात बसते?

पालखी ज्येष्ठात या भागातून जाते. उन्हाची धग पुरती ओसरलेली नसते आणि पहिला पाऊस केव्हा गाठील याचा नेम नसतो. शेकडो वारकरी पताका घेऊन, रांगेची शिस्त सांभाळीत डांबरी रस्त्याच्या कडेने चालतात. शेजारून मालट्रक आणि एस.टी.च्या गाड्या धावत असतात. गावोगावी पाणी, भोजन आणि मुक्काम यांची सोय लोक आपणहून करतात. पाठ्यपुस्तकातील अर्थशास्त्राला किंमत नसलेल्या वस्तूंचा विचार करणे नेहमीच जड जाते. परंतु एवढ्या लांबीची, एवढ्या दिवसांची आणि तिकिटाविना चालणारी ही व्यवस्था म्हणजे ग्रामीण समाजाने उभारलेली मोठी सार्वजनिक सेवाच होय. या सेवेत समाजाने आपला वाटा पुरेपूर उचलला आहे. शासनाच्या वाट्याला येणारी एकच गोष्ट उरते, आणि ती म्हणजे पायाखालची वाट.

ही उपेक्षा कोणाच्या दुष्टाव्यातून आलेली नाही. ती मोजमापाच्या पद्धतीतून आली आहे. रस्ता किती रुंद असावा हे त्यावरील वर्दळीवरून ठरते आणि ती वर्दळ मोजण्यासाठी अभियंते मोटारगाडी हे एकक धरतात. भारतीय रस्ते परिषदेच्या तक्त्यात मोटारीला १, मालट्रकला ३ आणि सायकलीला ०.५ असे मूल्य आहे. बैलगाडीलाही आकडा आहे. या तक्त्यात पादचाऱ्याला मात्र आकडाच नाही. जे मोजले जात नाही, त्याच्यासाठी तरतूद होत नाही. आणि तरतूद नसली की त्याची किंमत अन्य मार्गाने चुकवावी लागते. २०२२ या एका वर्षात देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होती. म्हणजे जवळजवळ दर पाचांत एक.

काही देशांनी हा हिशेब वेगळ्या तऱ्हेने मांडला आहे. ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाला केप नॅचरलिस्ट आणि केप लीविन या दोन दीपगृहांना जोडणारी, सव्वाशे किलोमीटरांहून काहीशी अधिक लांबीची एक पायवाट आहे. ती वाळूच्या टेकड्यांवरून, समुद्राच्या वाऱ्याने खुरटलेल्या झुडुपांतून आणि मधूनमधून थेट पुळणीवरून जाते. पाठीवर शिधा आणि तंबू घेऊन माणसे ती पाच ते आठ दिवसांत पुरी करतात. काही धावपटू तीच वाट धावून काढतात. वाटेवर खुणेचे खांब आहेत, मुक्कामाच्या जागा आहेत आणि देखभालीत स्वयंसेवकांचा हात आहे. वेल्सने तर ५ मे २०१२ रोजी आपल्या किनाऱ्यालगतची सुमारे १,४०० किलोमीटरांची अखंड पायवाट खुली केली. इंग्लंडमध्ये २००९ साली कायदा करून किनाऱ्याने चालण्याचा हक्कच मान्य करण्यात आला. या देशांत मोटारी कमी आहेत म्हणून तेथे पायवाटा झाल्या, असे कोणीही म्हणणार नाही.

महाराष्ट्रालाही सुमारे ७२० किलोमीटरांचा किनारा लाभला आहे. ओहोटीच्या वेळी पुळणीवरून चालावे, खाडी आली की तरीने पलीकडे जावे, पुन्हा सुरूच्या बनातून किंवा केवड्याच्या कडेने पुढची वाट धरावी, हा कोकणातील जुना परिपाठ होता. दाभोळहून धोपाव्याला आणि जयगडहून तवसाळला आजही नावेनेच खाडी ओलांडता येते. परंतु या किनाऱ्याचा विचार करताना शासनाच्या डोळ्यांपुढे प्रथम आला तो रेवस-रेड्डी सागरी महामार्ग. चालणाऱ्याची वाट ही योजना म्हणून कधी मांडलीच गेली नाही.

पायाखालची जमीन ही क्षुल्लक बाब नव्हे. कोरड्या वाळूत चालताना कठीण जमिनीच्या मानाने दुपटीहून अधिक शक्ती खर्च होते, तर धावताना सुमारे दीडपट, असे बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ मध्ये मोजून दाखविले. वाशीमला समुद्र नाही, वाळूचा किनाराही नाही. पण येथील काळी जमीन पावसाळ्यात वाळूहून कठोर परीक्षा घेते. वाळूत पाय रुततो, काळ्या चिखलात तो अडकून बसतो. एका पावसानंतर वहाणेला चिकटलेल्या मातीचे ओझे काय असते, हे शेतावर जाणाऱ्या बाईला विचारावे. चार महिने जी वाट चालता येत नाही, त्या वाटेवरील शाळा चार महिने दूर जाते आणि दवाखानाही दूर जातो.

आणि तरीही या जिल्ह्याजवळ वाटांचे एक जाळे पूर्वापार आहे. वऱ्हाडात त्यांना पांदण म्हणतात. दोन शेतांच्या धुऱ्यांमधून, बाभळी-बोरींच्या कडेने गावाला शिवाराशी आणि एका गावाला दुसऱ्या गावाशी जोडणारे हे मार्ग महसूल खात्याच्या गाव नकाशावर नोंदलेले आहेत. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखविला जातो; पायमार्ग एकेरी तुटक रेषेने. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते. अर्थात, ज्या पादचाऱ्याला रस्ते अभियंत्याच्या तक्त्यात स्थान नाही, त्याला जुन्या भूमापकाने नकाशात स्थान दिले होते. आज यांतील किती पांदणी नांगराखाली गेल्या आहेत हे प्रत्येक गावाला ठाऊक असते आणि कोणीही उघड बोलत नाही.

या वाटांचा आणखी एक हक्कदार अलीकडे पुढे आला आहे. पहाटे कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर पडावे; पोलीस भरती आणि सैन्यभरतीची तयारी करणारी मुले-मुली डांबरी रस्त्याच्या कडेने धावताना दिसतात. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि त्या काही मिनिटांवर घराचे भवितव्य अवलंबून असते. आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत २०१८ पासून समाविष्ट झालेल्या या जिल्ह्यात नोकरीचा अन्य मार्ग अरुंद आहे, म्हणून तर ही धाव. तिला मातीची मोकळी वाट मिळू नये आणि अंधारात समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा चुकवीत ती धावावी लागावी, हा केवळ क्रीडेचा प्रश्न नाही. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारा अविनाश साबळे बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा. बालपणी शाळेसाठी रोज काही किलोमीटर चालत-धावत जाणारे त्याचे पाय अशाच ग्रामीण वाटेवर तयार झाले.

यावर आक्षेप येतील. पहिला असा की, सोयाबीन आणि कापसाच्या भावाने शेतकरी बेजार असताना पायवाटेची चैन कशाला? वस्तुतः पायवाट ही गरिबाची गरज आहे. ज्याच्या दारी वाहन आहे त्याला ती नसली तरी चालते. शिवाय मुरूम टाकून दाबलेल्या, पाण्याचा निचरा असलेल्या मातीच्या वाटेचा खर्च डांबरी रस्त्याच्या तुलनेत अल्प असतो आणि त्यातील मोठा हिस्सा मजुरीचा असतो. १९७७ मध्ये देशात प्रथम रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या राज्याला हे गणित नव्याने शिकविण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पांदण मोकळी करावयाची म्हणजे कोणाच्या तरी ताब्यातील पट्टा जाणार. अल्पभूधारकाला दोन तासांची जमीनही मोलाची असते. येथे न्यायाचे दोन मार्ग उपलब्ध आहेत. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ अन्वये तहसीलदार वाटेतील अडथळा दूर करू शकतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ अन्वये तो बांधावरून जाण्याचा हक्क ठरवून देऊ शकतो. परंतु पहिल्या मार्गास सहा महिन्यांची मुदत आहे आणि दोन्हींसाठी एका शेतकऱ्याने शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करावी लागते. गावात राहून शेजाऱ्याशी वैर पत्करण्यास कोण सहजी तयार होईल? म्हणूनच हे काम व्यक्तीच्या तक्रारीवर न सोडता ग्रामसभेने, सर्व पांदणींची एकदम मोजणी करवून, सर्वांना एक नियम लावून केले पाहिजे. राज्याने २०२१ मध्ये शेत-पाणंद रस्त्यांची योजना जाहीर केली, तेव्हा निधीचा मार्ग दाखविला होताच. अडते ते मोजणीपाशी आणि गावाच्या धैर्यापाशी.

तिसरी शंका अशी की, हे सारे भव्य योजनेत रूपांतरित होऊन ठेकेदारांच्या हाती जाईल. आळंदी आणि देहू येथील पालख्यांच्या मार्गांचे चौपदरीकरण ८ नोव्हेंबर २०२१ रोजी हाती घेण्यात आले, तेव्हा दोन्ही बाजूंस वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथ योजण्यात आले. पादचाऱ्याचा विचार मोठ्या रस्त्याच्या आराखड्यात प्रथमच एवढा ठळकपणे आला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु वाशीमला चौपदरी रस्त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. मेडशी ते रिसोड या पट्ट्यातील पांदणी आणि पायमार्ग मोजून एकमेकांस जोडावेत. जेथे ते तुटतात तेथे रस्त्याच्या कडेला उंच, मातीची बाजूपट्टी करावी. मोऱ्या घालाव्यात, कडुनिंब आणि चिंच लावावी, ठरावीक अंतरावर पिण्याचे पाणी ठेवावे. पालखी वर्षातून काही दिवस या वाटेने जाईल. उरलेले दिवस ती वाट शेतकऱ्याची, शाळकरी मुलीची आणि पहाटे धावणाऱ्या तरुणाची असेल.

आरंभ मात्र सर्वांत स्वस्त कामाने करता येईल. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी एका आठवड्यात, ठरलेल्या चौफुल्यांवर उभे राहून, पायी जाणाऱ्यांची गणना करावी. किती माणसे, कोणत्या वेळी, कोठून कोठे आणि कशासाठी जातात, एवढेच लिहून काढावे. तो आकडा एकदा जिल्हा नियोजन समितीच्या टेबलावर आला, म्हणजे पादचारी हा दयेचा विषय राहणार नाही. तो अंदाजपत्रकातील एक बाब होईल. नकाशावरील ती एकेरी तुटक रेषा अद्याप पुसली गेलेली नाही. ती जमिनीवर पुन्हा उमटविण्यासाठी प्रथम तिच्यावरून चालणाऱ्यांची मोजदाद झाली पाहिजे.