औषधाचे खरे नाव

औषधविक्रेता म्हणजे फळीवरचा खोका काढून देणारा आणि पैसे मोजून घेणारा मनुष्य, अशी पुष्कळांची समजूत आहे. मला ती मान्य नाही.

केळव्याच्या वाडीत दिवसभर खपणारी एखादी वृद्धा रक्तदाबाच्या गोळ्या घ्यावयास येते. किंमत ऐकून ती म्हणते, "बाळा, चारच दे." इलाज महिन्याचा आणि गोळ्या चार! रक्तदाब काही पायातल्या काट्यासारखा सलत नाही. म्हणून ती उरलेले दिवस गोळीवाचून काढते आणि अपाय मुकाट्याने वाढत राहतो.

मुलांनो, बाजारातील बहुतेक औषधांना दोन नावे असतात. एक त्यातील मूळ द्रव्याचे, दुसरे कंपनीने ठेवलेले. द्रव्य तेच असूनही या दुसऱ्या नावापायी किंमत पुष्कळदा कितीतरी पट होते. केळव्याच्या उत्तरेस तारापूरच्या कारखान्यांत औषधांची मूळ द्रव्ये तयार होतात. तेथून निघताना त्यांना हे मिरवायचे नाव नसतेच. मूळ नावाची औषधे स्वस्तात मिळावीत म्हणून सरकारने २००८ साली जनऔषधी दुकानांची योजना सुरू केली.

चिठ्ठीवरील औषध परस्पर बदलण्याचा अधिकार विक्रेत्याला कायद्याने नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु बोलण्याची बंदी कोठे आहे? "आजी, हेच औषध स्वस्त मिळते. डॉक्टरांना विचारून या," एवढे त्याने सांगितलेच पाहिजे. सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या विनामूल्य मिळतात, हेही सांगावे. त्यात दुकानाचे गिऱ्हाईक जाते, हे मला ठाऊक आहे.